‘आध्यात्मिक गरज’ नावाचा रकाना: आरोग्याच्या व्याख्येत न मावलेल्या एका शब्दाची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ काढून टाकलेत. त्यामुळे मजकूर अर्ध्यावर आलाय, हे तुमच्या लक्षात येईलच.

सुरुवात करतो माझ्या ऑफिसमधल्या एका तिकिटापासून.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेलं दीड वर्ष आमची टीम हॉस्पिटलांसाठीच्या एका सिस्टिमवर काम करतेय. पेशंट दाखल झाला की नर्स टॅबवर एक फॉर्म भरते. नाव, वय, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, चालू असलेल्या गोळ्या. काही महिन्यांपूर्वी माझ्या नावावर काम आलं. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलाय अशा पेशंटच्या फॉर्ममध्ये एक नवीन रकाना टाकायचा होता: ‘आध्यात्मिक गरज’. सोबत एका ओळीची सूचना होती, ड्रॉपडाउन ठेवा.

मी विचारलं, पर्याय काय काय द्यायचे? उत्तर आलं, ‘धर्म’च्या रकान्यात आहेत तेच उचल आणि शेवटी ‘लागू नाही’ टाक. पाच मिनिटांचं काम. मी केलंसुद्धा. पण ते पुढे पाठवायच्या आधी माझा हात थांबला, कारण मला तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, थोडी बागायत, बाकी जिरायत. तात्यांना पोटाचा कॅन्सर झाला आणि शेवटचे तीन आठवडे ते एका हॉस्पिटलात होते. दाखल करताना माझ्या वडिलांनी फॉर्म भरला, धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलं. त्या एका शब्दावर पुढचं सगळं ठरलं. एका नातेवाइकाने उशाशी मोबाइल ठेवून स्तोत्रं लावली, कुणी अंगारा आणला, कुणी मनगटाला दोरा बांधला. तात्या आयुष्यात एकदाही वारीला गेले नव्हते. देवळात जायचे ते पारावर पेपर वाचायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेने मोबाइल बंद करायला लावला.

रात्र झाली की ते बेल वाजवायचे. दर वीस मिनिटांनी. दुखतंय का विचारलं तर कधी हो म्हणायचे, कधी नाही. डॉक्टरांनी औषधाचा डोस वाढवला, थोडा फरक पडला, पण बेल थांबली नाही. आई बाहेर बाकावर बसून हळू आवाजात म्हणायची, “यांचा कशात तरी जीव अडकलाय.”

एका रात्री ड्युटीवरच्या सिस्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, कशाचा घोर लागलाय?” मी पायथ्याशी उभा होतो. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बहिणीला बोलवा.”

घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी तात्यांनी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. वडिलोपार्जित जमिनीतला तिचा हिस्सा गेला आणि तेव्हापासून तिचं माहेरही तुटलं. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तात्या तिला म्हणाले, “बाय, तुझी सही घेतली तवा म्या मान वर करून तुझ्याकडं बघितलं न्हाई.” ती काही बोलली नाही. त्यांच्या पायावरची चादर सरळ केली आणि म्हणाली, “झोप आता.”

त्यांची वेदना गेली असं मी म्हणणार नाही. कॅन्सर होता तिथेच होता. जमिनीचंही पुढे काही झालं नाही, सातबारा आजही तसाच आहे. पण त्या रात्री बेल वाजली नाही, एवढं मी स्वतः पाहिलंय.

आता सांगा, हे माझ्या ड्रॉपडाउनमध्ये कुठे बसवू? ‘हिंदू’ आणि ‘लागू नाही’ यांच्या मधे?

म्हणून मी शोधायला बसलो, हा शब्द हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये आला कुठून. आणि त्याचा इतिहास निघाला फारच इंटरेस्टिंग.

आधी शब्दाकडे बघू

इंग्रजीतला ‘स्पिरिट’ लॅटिनमधल्या ‘स्पिरितुस’वरून आला. त्याचा मूळ अर्थ श्वास. आपल्या ‘आत्मन्’चं मूळही बरेच अभ्यासक श्वासाशी जोडतात. आणि ‘अध्यात्म’? हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. पण अर्जुनाने विचारला होता! गीतेच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच त्याच्या प्रश्नांनी होते आणि त्यातला एक प्रश्न आहे, अध्यात्म म्हणजे काय? कृष्णाच्या उत्तरात त्यासाठी एकच शब्द येतो: स्वभाव. भाष्यकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. पण त्या उत्तरात पूजा, व्रत, देऊळ यातलं काही नाही, हे बघून मी चकित झालो होतो.

आता वैद्यकाकडे या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, निरोगी माणसाची व्याख्या दिलीय. दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया समतोल हव्यात, आणि शिवाय आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न हवं. म्हणजे शरीराच्या हिशोबानंतर प्रसन्नतेची अटही आहे. अशा माणसाला शब्द दिलाय ‘स्वस्थ’, जो स्वतःमध्ये स्थित आहे तो. आपण ‘स्वस्थ बस’ म्हणून लहान पोरांना ओरडतो ना, तोच शब्द!

पण चरकसंहितेत एक वेगळी गोष्ट आहे. तिथे रोग राहण्याच्या जागा दोनच सांगितल्यात, शरीर आणि मन. आत्मा निर्विकार आहे, म्हणजे तो आजारी पडत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण चरक वाचून कुणी ‘आत्म्याचा रोग बरा करतो’ म्हणून दुकान उघडू शकत नाही. हा मुद्दा डोक्यात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

१९४८ साल, तीन गोष्टी

आता एकदम विसाव्या शतकात येऊ, कारण माझ्या फॉर्ममधला रकाना सुश्रुताकडून आलेला नाही. तो लंडन आणि जिनिव्हा अशा दोन वाटांनी आलाय. आणि दोन्ही वाटांची सुरुवात १९४८ सालात सापडते.

पहिली गोष्ट. दुसरं महायुद्ध संपलं आणि जुलै १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ६१ देशांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर सह्या केल्या. ती लागू झाली ७ एप्रिल १९४८ ला, म्हणून ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. या घटनेतली आरोग्याची व्याख्या तुम्ही शाळेत घोकली असेल. आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असं संपूर्ण स्वास्थ्य. युद्धातून मोडून आलेली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, तेव्हा ‘मानसिक’ हा शब्द यायलाच हवा होता. संघटनेचे पहिले महासंचालक ब्रॉक चिशम स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होते. व्याख्येत शब्द तीन. चौथा नव्हता.

दुसरी गोष्ट. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. सरकारी खर्चाने सगळ्यांना उपचार. या सेवेत डॉक्टर आणि नर्सबरोबर हॉस्पिटलमधले धर्मोपदेशक, म्हणजे चॅपलन, पहिल्यापासून होते. तेव्हा समजूत साधी होती: शरीर डॉक्टरकडे, आत्मा पाद्रीकडे. आपल्या फॉर्ममधला ‘धर्म’चा रकाना याच विचाराचा आहे. कुणाला बोलवायचं ते कळण्यापुरता.

तिसरी गोष्ट सगळ्यात छोटी. फेब्रुवारी १९४८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड तास्मा नावाचा एक माणूस कॅन्सरने वारला. वय ४०, वॉर्सातून आलेला पोलिश ज्यू, हॉटेलात वेटर. लंडनमध्ये त्याचं कुणी नव्हतं. त्याला भेटायला येणारी एकच बाई होती, सिसिली साँडर्स. ती आधी नर्स होती, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं आणि ती हॉस्पिटलमध्ये समाजसेविका झाली. तास्माला दुखत होतंच. पण त्याला जास्त टोचत होतं ते हे, की आपण जगलो आणि आपली कुठे काही खूणच राहणार नाही. दोघं बोलायचे ते मरणाऱ्या माणसांसाठी एखादी चांगली जागा असावी याबद्दल. जाताना तो तिच्यासाठी ५०० पौंड ठेवून गेला. तुझ्या त्या घरात मी खिडकी होईन, असं त्याने तिला सांगितलं होतं.

म्हणजे बघा, त्याला मंत्र नको होता, धर्मगुरूही नको होता. आपली खूण कुठेतरी राहावी एवढंच हवं होतं. माझ्या ड्रॉपडाउनमध्ये हेही बसत नाही.

खिडकीभोवती घर

साँडर्सने ते घर बांधायला १९ वर्षं घेतली. डॉक्टर झाल्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही हे कळल्यावर ती तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षणाला बसली आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. पुढच्या वर्षीपासून पूर्व लंडनमधल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये ती कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करू लागली. त्या काळात बहुतेक ठिकाणी वेदनाशामक औषध पेशंट कळवळल्यावर मिळायचं. साँडर्सने ते घड्याळानुसार द्यायला लावलं. चार-चार तासांनी, वेदना परत डोकं वर काढायच्या आधीच, तोंडावाटे मॉर्फिन. आणि प्रत्येक पेशंटच्या बारीक नोंदी ठेवल्या.

त्याच नोंदींमधून तिची सर्वात मोठी कल्पना आली. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने एका बाईला विचारलं, तुमच्या दुखण्याबद्दल सांगा. त्या बाईंनी सुरुवात केली पाठीपासून, पण पुढे सांगितलं की आता सगळंच बिघडल्यासारखं वाटतंय. नवरा आणि मुलगा फार करतात, पण माझ्यामुळे त्यांचे खाडे होतात, पैसे बुडतात. आणि सगळे जणू आपल्या विरुद्ध आहेत असं वाटतं. प्रश्न दुखण्याचा होता. उत्तरात पाठ आली, पगार आला, अपराधीपणा आला, एकटेपण आलं.

साँडर्सने याला नाव दिलं ‘टोटल पेन’. आपण म्हणू, सगळ्या अंगाने होणारी वेदना. तिचे चार पदर: शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. आला बघा चौथा शब्द!

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. आधुनिक हॉस्पिस चळवळीची सुरुवात इथून मानतात. तिथे तास्माच्या नावाची खिडकी आहे. साँडर्स स्वतः कट्टर म्हणावी इतकी श्रद्धाळू ख्रिश्चन होती. पण हॉस्पिसची दारं कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसाला उघडी राहिली. माझ्या मते यामागे तास्मा होता. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तोच तिच्या धर्माचा नव्हता.

आणि एक गोष्ट विसरू नका. तिने आधी मॉर्फिनची वेळ बसवली, मग आत्म्याबद्दल बोलली. ज्याच्या हाडात आग पेटलीय त्याला ‘तुमच्या आयुष्याचा अर्थ काय’ असं विचारणं ही क्रूरता आहे.

जिनिव्हातला वाद

इकडे दुसरी वाट. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-अता शहरात प्राथमिक आरोग्य सेवेवर मोठी परिषद झाली. ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा त्या काळातली. संघटनेचे महासंचालक तेव्हा हाफ्डन माहलर होते. ते डेन्मार्कचे डॉक्टर. पन्नाशीच्या दशकात त्यांनी भारतात क्षयरोगाच्या कामात बरीच वर्षं काढली होती.

सर्वांसाठी आरोग्य म्हटल्यावर प्रश्न आलाच, आरोग्य म्हणजे नक्की काय काय? काही देशांनी आग्रह धरला की यात आध्यात्मिक बाजूही हवी. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य सभेत हा विषय आला आणि मे १९८४ मध्ये ठराव झाला. आता कल्पना करा. एका सभागृहात सौदी अरेबिया आहे, सोव्हिएत संघ आहे, भारत आहे, स्वीडन आहे. सगळ्यांना चालेल अशी ‘आध्यात्मिक’ची व्याख्या लिहायचीय. हे आमच्या रिक्वायरमेंट मीटिंगपेक्षा अवघड!

त्यांनी काय केलं? देव आणि धर्म हे शब्दच टाळले. ठरावाचा आशय असा की आध्यात्मिक बाजू म्हणजे भौतिक नसलेली गोष्ट: माणसाच्या मनात आणि विवेकात उगवलेल्या कल्पना, श्रद्धा, मूल्यं, नीती, विशेषतः माणसाला उन्नत करणाऱ्या कल्पना. आणि त्याच चर्चेतला एक मुद्दा मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो. आरोग्याची भौतिक साधनं लोकांना बाहेरून पुरवता येतात. आध्यात्मिक बाजू मात्र लोकांच्या आतूनच, त्यांच्या समाजाच्या आणि संस्कृतीच्या रीतीने यावी लागते.

लस पुरवता येते, पाणी पुरवता येतं, मॉर्फिन पुरवता येतं. ही गोष्ट पुरवता येत नाही.

तरी प्रयत्न थांबला नाही. जानेवारी १९९८ मध्ये कार्यकारी मंडळाने शिफारस केली की मूळ व्याख्याच बदलावी आणि तिच्यात ‘आध्यात्मिक’ हा शब्द घालावा. पूर्व भूमध्य विभागातल्या देशांचा यासाठी विशेष आग्रह होता. पण १९९९ च्या जागतिक आरोग्य सभेत ही दुरुस्ती मंजूर झाली नाही. १९४८ ची व्याख्या आजही तशीच आहे.

आणि गंमत पुढेच आहे. ज्या संघटनेच्या मूळ व्याख्येत हा शब्द मावला नाही, त्याच संघटनेच्या दुसऱ्या एका व्याख्येत तो आरामात बसला. १९९० मध्ये तिच्या तज्ज्ञ समितीने पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या केली. मराठीत आपण परिहार सेवा किंवा वेदनाशामक शुश्रूषा म्हणतो. त्यात वेदनेबरोबर मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अडचणींचा उल्लेख आहे. २००२ च्या सुधारित व्याख्येतही तो आहे. साँडर्सचा चौथा पदर.

एकीकडे नाकारलेला शब्द दुसरीकडे का चालला? मला कारण असं दिसतं. घटनेतली व्याख्या सगळ्यांना सांगते की निरोगी असण्यासाठी तुमच्यात काय असायला हवं. तिथे ‘आध्यात्मिक स्वास्थ्य’ लिहिलं की लगेच विचारावं लागतं, ते मोजणार कोण? नास्तिक माणूस आजारी धरायचा का? पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या मात्र नर्सला आणि डॉक्टरला सांगते की समोरच्याला हाही त्रास असू शकतो, लक्ष ठेवा. पहिल्यात माणसाला मोजायचंय, दुसऱ्यात त्याचं ऐकायचंय.

आपल्याकडे

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत उघडलं, १९८६ मध्ये, वांद्र्याला. नाव शांती अवेदना सदन. अवेदना म्हणजे जिथे वेदना नाही. कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते सुरू केलं. पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. १९९३ मध्ये केरळात, कोझिकोडला, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी उभी राहिली आणि तिथून गावागावातले स्वयंसेवक घरी जाऊन पेशंटजवळ बसायला लागले. पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचं केंद्र आलं.

पण साँडर्सचा पहिला नियम आपल्याकडेच अडकला. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. हेतू नशेचा व्यापार थांबवण्याचा होता, पण परवाने आणि शिक्षेच्या धाकाने हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच कमी केलं. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांपैकी आपण एक, आणि आपलाच पेशंट वेदनेत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही गाठ थोडी सैल झाली. म्हणून ‘आपला देश आध्यात्मिक, आपल्याला हे नव्याने शिकायची काय गरज’ असं कुणी म्हणालं की मला हे साल आठवतं.

महाराष्ट्रात हॉस्पिटल आणि अध्यात्म हे दोन शब्द जवळ आले की काही जणांच्या कपाळावर आठी येते. ती रास्त आहे. उपचार सोडून अंगारे-धुपारे, चमत्काराने कॅन्सर बरा करणारे बाबा हे आपण पाहिलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. चरकाचा मुद्दा इथे परत आठवा. रोग शरीरात आणि मनात. आत्म्याच्या नावाने औषध विकणारा माणूस चरकाच्या हिशोबानेही खोटाच ठरतो.

बाहेरून पुरवून पाहिलं तर?

आमच्यासारख्या डेटावाल्या लोकांसाठी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १,८०२ पेशंटवर अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटचे तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यातल्या एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होतेय. गुंतागुंतीचं प्रमाण पहिल्यात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि ज्यांना प्रार्थना होतेय हे माहीत होतं त्यांच्यात? ५९ टक्के. जास्त! तो योगायोग असू शकतो, किंवा ‘माझी तब्येत इतकी बिघडलीय का’ अशी धास्ती असू शकते.

यावरून प्रार्थना खोटी असं मी म्हणत नाही. ज्याला तिच्याने धीर येतो त्याला येतो. पण गोळीसारखा डोस ठरवून अनोळखी माणसाला ती देता येत नाही, एवढं यातून दिसतं.

आपल्या फोनमधली ध्यानाची ॲप्ससुद्धा एक प्रकारे असाच डोस आहेत. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात बौद्ध ध्यानातला धार्मिक भाग बाजूला ठेवून ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बसवला. त्याचा पुष्कळांना उपयोग झाला, मीसुद्धा झोप येत नसली की लावतो. पण ॲप मला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतं. माझा जीव कशात अडकलाय हे ते विचारत नाही.

विचारण्याचं काम अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुखाल्स्की यांनी पद्धतशीर केलं. नव्वदीच्या दशकात त्यांनी डॉक्टरांसाठी चार प्रश्नांची एक साधी पद्धत तयार केली. तुम्हाला कशाचा आधार वाटतो? त्याला तुमच्या आयुष्यात किती महत्त्व आहे? तुमची माणसं कोण? आणि उपचार करताना आम्ही यातलं काय लक्षात ठेवू? २००९ मध्ये कॅलिफोर्नियात तज्ज्ञांची परिषद झाली, तिथे ठरलेल्या व्याख्येचा आशय असा: माणूस अर्थ कसा शोधतो, आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी, जे त्याला पवित्र किंवा महत्त्वाचं वाटतं त्याच्याशी कसा जोडलेला आहे, ते म्हणजे अध्यात्म. विरोधकही आहेत. रिचर्ड स्लोन यांनी २००६ मध्ये एक पुस्तकच लिहून सांगितलं की डॉक्टरने धर्माच्या भानगडीत पडू नये, कारण पांढऱ्या कोटातला माणूस विचारतो तेव्हा पेशंटवर दडपण येतं. मला दोन्ही बाजू पटतात. तात्यांना विचारलं म्हणून फरक पडला. पण तिथे ‘तुम्ही कुठल्या देवाला मानता’ असा प्रश्न असता तर त्यांनी तोंड फिरवलं असतं.

तर रकान्याचं काय केलं?

मी ड्रॉपडाउन काढून टाकलं. रकान्याचं नाव बदलून प्रश्न टाकला: ‘सध्या कशाचा घोर आहे? कुणाला भेटायचंय, काही करायचं राहिलंय?’ खाली मोकळी जागा, पेशंटच्या शब्दांत लिहायला. धर्माचा रकाना वेगळा, जिथे होता तिथेच.

मॅनेजर म्हणाले, “मोकळ्या मजकुरावर रिपोर्ट कसा काढणार?” प्रश्न बरोबर होता. मग आम्ही मधला मार्ग काढला. मजकुराच्या वर एक छोटी खूण: विचारलं का, हो की नाही, आणि तारीख. पेशंटने उत्तर द्यायलाच हवं असं नाही, ‘सांगायचं नाही’ हा पर्याय आहे. लिहिलेलं फक्त त्या वॉर्डच्या टीमला दिसेल, डिस्चार्जच्या कागदावर छापलं जाणार नाही. हक्कसोडपत्राची गोष्ट विमा कंपनीपर्यंत कशाला जायला हवी?

सध्या हे एका वॉर्डात चाचणीवर आहे. तिथल्या एका सिस्टरनी मला थेट सांगितलं, “सर, प्रश्न चांगलाय. पण रात्री चौदा पेशंटना मी एकटी असते. खुर्ची ओढून बसू कधी?” माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, कोडमध्ये ते नाहीच. चौदा पेशंटना एक नर्स असेल तर ‘विचारलं का’च्या पुढे ‘नाही’च येत राहणार. पण निदान ते ‘नाही’ मोजलं तरी जाईल, आणि आणखी एक नर्स मागताना कुणाच्या तरी हातात आकडा असेल.

तात्यांच्या वेळी त्या सिस्टरकडे ना हा रकाना होता ना वेळ. त्या तरीही बसल्या होत्या. त्यांचं नावसुद्धा मी तेव्हा विचारलं नाही.

तुमच्या घरी कुणी बरेच दिवस अंथरुणाला असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर द्या, दुखत असेल तर त्याचं औषध मागायला लाजू नका. आणि एखाद्या संध्याकाळी फोन बाजूला ठेवून जवळ बसा आणि विचारा. उत्तर लगेच नाही येणार. तात्यांनीही बराच वेळ घेतला होता.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, स्वस्थ राहा!